सरकारने नेलेला तलाव

साठी उलटलेल्या माणसाने सायकलवर बसू नये, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे ते मला ठाऊक नाही. पण आमच्या घरात ते सर्वांना पाठ आहे. पुतण्याची गिअरची सायकल मी अंगणात पुसायला घेतली, तेव्हाच हिने ओळखले. "मोटार आहे, एस.टी. आहे, सह्या करायला चाललात की शर्यतीला?" इतकेच ती म्हणाली आणि डब्यात चकल्या भरू लागली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात माणसाला विरोध आणि परवानगी यांतला फरक कळू लागतो.

सह्यांचे काम खरेच होते. जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या गोंदिया जिल्ह्यात, आमचा वाडा आहे. वाडा म्हणायचा एवढेच. दोन खण आणि ओसरी उभी आहे, बाकी माती. चुलतभावाने फोनवर कळवले होते की सागवानाला गिऱ्हाईक आले आहे, सर्व वारसांच्या सह्या हव्यात, भाऊबिजेनंतर ये.

सायकल का, तर आबाजींमुळे. आमचे आजोबा गावचे मालगुजार. रोज सकाळी ते सायकलवरून तलावाच्या पाळीवर फेरी मारीत. ते गेले तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. त्यांच्यापेक्षा त्या सायकलची घंटाच मला जास्त आठवते. आजी मात्र पुढे पुष्कळ जगली आणि तिचे एक वाक्य घरात कायमचे राहिले : "सरकारनं आमचा तलाव नेला." लहानपणी मला वाटे, सरकारचे शिपाई रांगेने बादल्या घेऊन आले असतील. आजीला विचारले तर ती पदराने डोळे पुशी. त्यामुळे कुणीतरी आपले काहीतरी लुबाडले आहे, हा समज घेऊन मी मोठा झालो, नागपुरात नोकरी केली, निवृत्त झालो. पण तो तलाव नीटसा पाहिला नव्हता.

साकोलीपर्यंत सायकल एस.टी.च्या टपावर गेली. तिथून हमरस्त्याचा पहिला टप्पा मी मालमोटारींच्या वाऱ्यात, जीव मुठीत धरून काढला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरीही येतो. पुढे आतल्या रस्त्याला लागलो आणि एकदम सारे गप्प झाले. कार्तिकातली सकाळ होती. हलके धान कापून बांध्यांत पसरले होते, भारी धान अजून उभे होते, आणि त्या उभ्या धानातच फेकलेल्या लाखोळीचे कोवळे अंकुर खाली दिसत होते. धान कापले जाईपर्यंत लाखोळी रुजते आणि जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाढते. नांगर नाही, पाणी नाही. अशी काटकसर मी फक्त आमच्या आईत पाहिली होती.

या मुलखात दर कोसाला एक तलाव लागतो. सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर समोर लांबलचक चढ दिसला की समजावे, ती टेकडी नव्हे, पाळ आहे. पाळीवर मोहाची नाहीतर आंब्याची झाडे, पलीकडे पाणी, आणि अलीकडे खाली बांध्या. मोटारीतून हे कळत नाही. सायकलवर मांड्यांना कळते. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात जाते, तिथून त्याच्या खालच्या बोडीत. मी दुसऱ्या दिवशी असा एक ओघ धरून उतारा-उताराने गेलो, तर तीन तलाव ओलांडेपर्यंत फारसे पायडल मारावे लागले नाही.

हे कुणी बांधले? परंपरा अशी सांगते की चांद्याच्या गोंड राजांनी काशीकडून कोहळी लोक आणले. जंगल तोडून जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असा राजाचा वायदा होता. ऊस आणि धान पिकवणाऱ्या या लोकांनी पाणी कुठे थांबेल हे नुसत्या डोळ्यांनी ओळखले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे म्हणतात. तो आता कोलासुर नावाचा देव झाला आहे. तलाव बांधणाऱ्याला देव करण्याचा हा रिवाज मला पुतळ्यांपेक्षा बरा वाटतो.

नवेगावला मी रात्र काढली. सात बहिणी म्हणतात त्या डोंगरांच्या कुशीत दहा-अकरा चौरस किलोमीटर पाणी पसरले आहे. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि इथल्या पाखरांना त्यांनी मराठीत आणले. मी पहाटे पाळीवर गेलो तेव्हा धुके इतके होते की पाणी दिसेना, नुसता बदकांचा कलकलाट ऐकू येई. मग एक जांभळी पाणकोंबडी लांब बोटे टाकीत वेलींवरून चालत गेली, सासूबाई ओल्या ओसरीवरून जातात तशी. सारस मात्र दिसला नाही. महाराष्ट्रातले बहुतेक सगळे सारस याच जिल्ह्यात आहेत, पण ते आता इतके थोडे उरले आहेत की न दिसणे हीच रीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गावात पोचलो. वाड्यावर न जाता सायकल सरळ पाळीवर चढवली. आबाजींसारखी फेरी मारायची होती. पण निम्म्या पाळीवरच बेशरमीचे रान माजलेले. उतरून ढकलत नेली. तलावाचा एक तृतीयांश भाग गाळाने भरून तिथे गुरे चरत होती. उरलेल्या पाण्यात शिंगाड्याचे वेल होते आणि एक म्हातारा ढिवर डोंग्यातून शिंगाडे तोडत होता.

"कोनच्या गावचे जी?" त्याने पाण्यातूनच विचारले.

मी आबाजींचे नाव सांगितले. तो डोंगा काठाला घेऊन आला, माझ्या हातावर ओंजळभर शिंगाडे ठेवले आणि म्हणाला, "मालकाचे नातू! सायकल पाहूनच वाटलं."

मला बरे वाटले, हे कबूल करतो. मग त्याने बोट करून पाळ दाखवली. "हे पाळ एकदा फुटली होती. माह्या आज्यानं दोन उन्हाळे माती वाहली हिच्यावर. आजी सांगे, पायलीभर धान नाही भेटलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. यंदा पाऊस बरा झाला, असे सांगावे तसे तो सांगत होता.

मी विषय बदलला. तुडुम कुठे आहे, असे विचारले. तुडुम म्हणजे पाळीतून पाणी सोडण्याची जागा. एकाखाली एक भोके, प्रत्येकात लाकडी खुंटा. पाणी जसजसे उतरेल तसतसा खालचा खुंटा काढायचा, की बांध्यांना लागेल तेवढेच पाणी जाते. त्याने नेऊन दाखवले. खुंटे कधीच गेले होते, मधला खांब कुजून पडला होता, आणि भोकांत चिंध्या व माती कोंबून गावाने पाणी धरले होते.

संध्याकाळी वाड्यात सह्या झाल्या. चुलतभावाने चहा दिला आणि माळ्यावरची लाकडी पेटी पुढे सरकवली. "यातली रद्दी उद्या जाळणार. पाहायची असेल तर पाहा." मोडीतले कागद मला वाचता येत नाहीत. पण एक लांबट वही बाळबोधीत होती. पाळ-दुरुस्ती, १९३८ आणि १९३९. डावीकडे नावे, मग दिवस, मग धान. नावांपुढे दिवस होते : एकतीस, चव्वेचाळीस, एकोणीस. धानाच्या रकान्यात काही नावांपुढे आकडे होते. ढिवरपुऱ्यातल्या नावांपुढे तो रकाना पानेच्या पाने कोरा होता. अक्षर आबाजींचे होते, वळणदार. त्यांनी हजेरी प्रामाणिकपणे लिहिली होती, एवढे म्हणता येईल.

आजीचे वाक्य मी कायद्याच्या भाषेत पुष्कळदा लावून पाहिले होते. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाचे मालक ठरवले. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी ती मालकी संपली. घरची शेती राहिली, गावाला पाणी देणारे तलाव सरकारजमा झाले. आणि मालक गेल्यावर गाळ काढणारा कुणी उरला नाही, हे आमच्या घराण्याचे म्हणणेही खोटे नाही. ती बेशरम मी डोळ्यांनी पाहून आलो होतो. पण सरकार यायच्या आधी तो तलाव कुणाकडून नेला होता, हे त्या वहीत लिहिलेले होते.

सकाळी वही कॅरिअरला बांधली आणि पुन्हा पाळीवर गेलो. नेऊ की नको, असे वाड्यापासून पाळीपर्यंत चालले होते. दोनदा सायकल थांबवली. म्हातारा काठावर शिंगाडे उकडत होता. मी त्याच्या आज्याचे नाव विचारले आणि वहीत काढून वाचले : पहिला उन्हाळा बावन्न दिवस, दुसरा अडतीस. त्याने ते पुन्हा वाचायला लावले. मग सुनेला हाक मारली, शेजारच्यांना बोलावले, आणि दुपार टळेपर्यंत मी उभ्याने नावे वाचत राहिलो. ज्याचे नाव येई त्याच्या घरचे कुणी पुढे सरके. एका बाईने विचारले, "दिवस किती म्हनता?" आणि बोटांवर मोजत गेली.

माझ्या वाट्याचे पैसे मी देऊ केले. म्हाताऱ्याने मान हलवली. "पैसे वाटले त भांडनं होतीन. तुडुमाले सागवान लागते जी. एक खांब द्या."

चुलतभाऊ चिडला. व्यापाऱ्याने खांब मोजून सौदा केला होता, शिवाय तलाव सरकारी, त्यात आपण लाकूड लावणारे कोण? दोन्ही मुद्दे बरोबर होते. शेवटी मी माझ्या हिश्शातून एका खांबाची किंमत कापून दिली आणि ओसरीचा मधला खांब राखून ठेवला. तुडुम दुरुस्त करण्याच्या परवानगीसाठी गावाने अर्ज केला. त्यावर एकेचाळीस सह्या आणि अंगठे आहेत, एक सही माझी. दोन स्मरणपत्रे गेली, उत्तर आलेले नाही.

खांब ढिवरपुऱ्यातल्या समाजमंदिराच्या ओसरीवर आडवा ठेवलेला आहे. वाळवी लागू नये म्हणून म्हातारा त्याला महिन्यातून एकदा मोहाचे तेल लावतो, असे त्याच्या नातवाने परवा फोनवर सांगितले.