मुलगी कोणाकडे ठेवतेस?

आमच्या डहाणू लोकलच्या लेडीज डब्यात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न पगाराचा नसतो, नवऱ्याचाही नसतो. 'मुलगी कोणाकडे ठेवतेस?' हा असतो! २०१३ मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली आणि मसोलीत घर नि मुंबईत ऑफिस अशी एक नवीच जमात तयार झाली. चर्चगेट म्हटलं तर एका बाजूचे जवळपास तीन तास. माझा नवरा त्याच जमातीतला. मी फ्रीलान्सर, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन दिवस मुंबई आणि बाकीचे दिवस लॅपटॉप आणि चौदा महिन्यांची लेक एकाच मांडीवर. मी नसते तेव्हा लेक शेजारच्या काकूंकडे. काकू म्हणजे एकदम सही! मऊ भात, गाणी, दुपारची झोप, सगळं वेळेवर. मला टेन्शन एकाच गोष्टीचं, आणि ते अंधेरी-ठाण्याच्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसतात. भूकंपाचं.

हसण्यासारखं नाहीये. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्के सुरू झाले ते थांबेचनात. आधी जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची. तेव्हा मी मास मीडियाला होते, वीकएंडला घरी यायचे. दुंदलवाडीच्या बाजूला तर लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, नंतर तंबू आले. १ फेब्रुवारी २०१९ ला दिवसभर धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ रिश्टरचा. आकडा काही भयंकर नाही. पण त्या दिवशी दोन वर्षांची एक मुलगी गेली. घर अंगावर पडून नाही. घाबरून बाहेर पळताना ती पडली, डोक्याला मार लागला.

ही बातमी मी तेव्हा बातमी म्हणून वाचली होती. आता आई म्हणून आठवते. पुढच्या वर्षांतही अधूनमधून धक्के बसतच राहिले, म्हणून एकदा काकूंना सरळ विचारलं, "काकू, मी गाडीत असताना धक्का बसला तर तुम्ही काय कराल?"

"काय करणार? पोरीला उचलीन आणि पळत सुटेन!"

तिसऱ्या मजल्यावरून! काखेत अकरा किलोचं पोर आणि जिन्यात अख्ख्या बिल्डिंगची गर्दी. मग आम्ही चहाचे कप बाजूला ठेवून रिहर्सलच केली. पक्क्या बिल्डिंगमध्ये असाल तर हलत असताना जिन्याकडे धावायचं नाही, लिफ्टचं तर नावच नको. मजबूत टेबलाखाली शिरायचं, मूल पोटाशी, आपली पाठ वर, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. खिडकी आणि कपाटापासून लांब. हलणं थांबलं की मग खाली उतरायचं. काकूंचे गुडघे कुरकुरले, पण टेबलाखाली गेल्या बाई! लेकीला तो खेळ इतका आवडला की ती बाहेर यायलाच तयार नव्हती. त्याच संध्याकाळी दोन्ही घरांतली कपाटं भिंतीला ब्रॅकेटने ठोकून घेतली आणि पाळण्यावरची फोटोफ्रेम उतरवली. खर्च म्हणाल तर एका पिझ्झाहून कमी. काकूंच्या फ्रिजवर आता मोठ्या अक्षरांत नंबर आहेत: १०८ अॅम्ब्युलन्स, १०९८ मुलांसाठीची हेल्पलाइन, आमचे दोघांचे मोबाइल आणि आमची गाडी कितीची ते.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, ऑफिसचं पाळणाघर का नाही? कायदा आहेच की. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईने दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यावं, असंही त्यात आहे. एचआरला विचारून बघा, हक्क आहे तुमचा. पण माझ्यासारख्या फ्रीलान्सरला एचआर कुठला! आणि तान्हं पोर कडेवर घेऊन डहाणू लोकलमध्ये चढायचं, हे ज्याला सुचतं त्याने एकदा विरारला दारात उभं राहून दाखवावं.

गंमत म्हणजे या प्रश्नावर आमच्याच तालुक्यात फार आधी डोकं चालवून झालंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, अशी ती अंगणवाडी. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत याचं कारण त्यांच्या कडेवरच होतं, धाकटं भावंड! म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचं नाव विकासवाडी. आपल्या झगमगीत बिझनेस पार्कांना जे अजून धड जमत नाही, ते या दोघींनी गवताच्या छपराखाली करून दाखवलं होतं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आणि आपण? अंगणवाडी म्हटलं की 'ती आपल्यासाठी नसते' असं गृहीत धरतो. मीही तिथे गेले ती एका लेखासाठी, लेकीला कडेवर घेऊन. सेविकाताईंनी माझे प्रश्न बाजूला ठेवले आणि आधी लेकीलाच काट्यावर बसवलं. मग दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला तर हिरवा, साडेअकराच्या खाली लाल, मधला पिवळा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच डॉक्टरकडे. लेक हिरव्यात. "ही खातीपिती आहे," ताई हसल्या, "पण वहीत लाल असलेलीही येतात." भूकंपाच्या दिवसांत मुलांना बाहेर झाडाखाली बसवून खिचडी वाढायच्या, हेही त्यांनीच सांगितलं. मग लसीचं कार्ड मागितलं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात झालाय, दुसरा सोळा महिन्यांनंतर, तारीख चुकवू नका, असा दम भरला.

लसीकरणाचा दिवस नेमका माझ्या मुंबईच्या दिवशी येतो. काकू म्हणाल्या, मी नेते. कार्ड त्यांच्या पर्समध्ये जाऊन बसलंय, आणि डब्यातल्या आणखी दोघींनी आपल्या मुलांची कार्डंही त्यांच्याकडे धाडलीत.