ताईंचे हात

१२ जानेवारी
नातू मार्चमध्ये तीन वर्षांचा होईल. सूनबाईने मोबाइलमध्ये शाळांची यादी केली आहे : गंगापूर रोड, इंदिरानगर, पार पाथर्डी फाट्यापर्यंत. ‘मुलाच्या कलाने शिक्षण’ प्रत्येकीच्या जाहिरातीत आहेच. मुलगा म्हणाला, “आई, तू जन्मभर शाळेत होतीस, तूच बघून ये.” मी जिल्हा परिषदेची बाई. सगळी नोकरी पेठ-सुरगाण्याकडे. पहिलीत येणारी पोरं मी ओळखते, त्याआधीचं बरंचसं वाचलेलं. तरी हो म्हटलं.

१७ जानेवारी
गंगापूर रोडची शाळा पाहिली. दारात प्लास्टिकचा जिराफ, पाटीवर ‘मॉन्टेसरी’. हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे कोणीही लावावं. आत काचेच्या कपाटात गुलाबी मनोरा होता. दहा ठोकळे, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा, सगळ्यात धाकटा एकाचा. कपाटाला कुलूप. “मुलं हरवतात हो,” मॅडम म्हणाल्या. हरवणारच! पण ठोकळा चुकीच्या जागी ठेवला की मनोरा बेढब दिसतो आणि ते मुलाचं मुलालाच कळतं, बाईंनी बोट दाखवावं लागत नाही. त्यासाठी तर तो बनवलाय. कुलपात तो नुसता शोभेचा.

भिंतीवर द्राक्षांचे घड. हंगामच आहे म्हणा. कागदाचे बोळे चिकटवून केलेले, सगळे एका मापाचे, एकही मणी रेघेबाहेर नाही. तीन वर्षांच्या हाताला हे जमत नाही. कलाकुसर ताईंची आणि खाली नाव मुलांचं. आईवडील त्याचे फोटो काढत होते. फीचा आकडा ऐकला आणि रिक्षा मिळेपर्यंत काही बोलले नाही.

२४ जानेवारी
माळ्यावरून अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ काढलं. बांधणी सुटली आहे, पण वाचता येतं.

मॉन्टेसरीबाईंनी रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं ते १९०७ साली. आज त्यांच्या नावाची शाळा सगळ्यात महाग, ही गंमतच. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला हे काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मग १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथली आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, कारण घरी धाकटी भावंडं सांभाळायची असत. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून पानं, बिया, गोटे, शंख-शिंपले घेतले. मोजायला, जुळवायला, लहान-मोठं लावायला तेवढं पुरतं. आणि हे काही कमअस्सल नव्हे. माझं तर मत आहे, चिंचोका हातातून निसटतो, त्याने बोटं जास्त तयार होतात.

३ फेब्रुवारी
कॉलनीमागची अंगणवाडी पाहून आले. १९७५ पासून सरकारची ही योजना आहे. सेविकाताई मनाने चांगल्या, मुलं त्यांच्या पदराला लोंबकळत होती. पण त्या वजनं घेणार, आहार वाटणार, लसीकरणाच्या याद्या करणार, मोबाइलमध्ये माहिती भरणार, आणि उरलेल्या वेळात शिकवणार. खोली एक. खेळणी वर ठेवलेली. दोष त्यांना देववत नाही.

११ फेब्रुवारी
इंदिरानगरमधला एक जुना बंगला. पाटी एवढीशी की रिक्षावाला पुढे निघून गेला. वेळ न ठरवता गेले होते, तरी आत घेतलं, “कोपऱ्यात बसा, मुलांशी आपणहून बोलू नका” एवढं बजावून. मला ते आवडलं.

एक मुलगा छोट्या तांब्यातून वाटीत पाणी ओतत होता. सांडलं. ताई हातभर अंतरावर होत्या. त्यांचे हात मांडीवर. मुलाने ताईंकडे पाहिलं, ताईंनी खुंटीवरच्या फडक्याकडे पाहिलं. तो उठला, फडकं आणलं, पुसलं म्हणजे पाणी आणखी पसरवलं, पुन्हा पुसलं. मग परत ओतायला बसला. माझेच हात दोनदा पुढे झाले, आवरले. पलीकडे एक मुलगी मटार सोलत होती, दोन दाणे वाटीत, एक तोंडात. कोणी टोकलं नाही. पण दुसऱ्याचा ठोकळा ओढणाऱ्या एकाला ताईंनी तिथेच थांबवलं, शांतपणे आणि ठाम. म्हणजे मोकाट सोडलेलं नाही.

मी विचारलं ते साधंच : एका ताईमागे मुलं किती? रडणाऱ्याचं काय करता? चड्डीत शू झाली तर? ताई किती वर्षं टिकल्या आहेत? पहिल्याचं उत्तर बारा. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वीस मुलांमागे एक म्हटलं आहे, त्या मानाने उत्तम. दोघी ताई सुरुवातीपासून आहेत. जिराफापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

१४ फेब्रुवारी
रात्री घरात वाद. मुलगा म्हणतो, “तिथे लिहायला शिकवत नाहीत, पहिलीत मागे पडेल.” सूनबाईला इंग्रजीची काळजी. म्हटलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, पहिली सहा पूर्ण झाल्यावर. मग तिसऱ्या वर्षी पेन्सिल कशाला? मटार सोलणारी बोटंच पुढे पेन्सिल धरतात. माझ्या वर्गात अंक घोकून आलेली पोरं यायची, शंभरपर्यंत धडाधड म्हणायची आणि सात गोटे मागितले की मूठभर आणायची.

मराठीतून नीट शिकता येतं का, हा सुनेचा खरा प्रश्न. याच नाशकात अरुण ठाकूर, विनोदिनी पिटके-काळगी यांच्या मंडळींनी आनंद निकेतन मराठी माध्यमातच चालवून दाखवली, हे तिला सांगितलं. “बघू,” म्हणाली. मुलगा टीव्ही लावून बसला.

२१ फेब्रुवारी
दोघं सकाळी अर्धा दिवस रजा टाकून बंगल्यातली शाळा बघून आली. मी मुद्दाम गेले नाही. आल्यावर मुलगा म्हणाला, “एका पोराने बूट उलटे घातले, तसाच खेळला, कोणी काही बोललं नाही.” तक्रार की कौतुक ते कळेना. संध्याकाळी नातू सँडल घालत होता तेव्हा मात्र तो बाजूला उभा राहिला, बराच वेळ.

१ मार्च
प्रवेश घेतला. बंगल्यातल्याच शाळेत. गणवेश नाही, वही नाही, डब्यात बिस्किट-वेफर्स चालणार नाहीत. जूनमध्ये पहिले काही दिवस घरच्या एकाने व्हरांड्यात बसायचं आहे, मूल रुळेपर्यंत. दोघांनाही रजा नाही, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं आहे.