थबकलेला पारा

गॅसवर पातेलं चढवलं की एकाच शेगडीवर दोन निराळ्या गोष्टी सुरू होतात. खाली ज्योतीत इंधन जळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पाण्याची वाफही होते. थंड पातेलं ज्योतीवर ठेवताच त्याच्या बुडाला बाहेरून क्षणभर ओल धरते, ती मुद्दाम वाकून पाहावी. ते पाणी नुकतंच जन्मलेलं असतं. आत आधण येतं, वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन पुन्हा खाली पडते. हा थेंब मात्र जुनाच, नळाचा. पहिला बदल रासायनिक, दुसरा भौतिक. शाळेत हा फरक आपण सगळ्यांनी घोकला, पेपरात लिहिला आणि विसरून गेलो.

विसरू नये असं त्यात पुष्कळ आहे. बर्फ, पाणी आणि वाफ या तिन्हींत रेणू एकच: दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. बदलते ती रेणूंची एकमेकांशी असलेली जवळीक. भोंडल्यात मुली हात धरून फेर धरतात तेव्हा मधली जागा मोकळी राहते. बर्फातल्या प्रत्येक रेणूने असेच चार शेजारी धरून ठेवलेले असतात. म्हणूनच पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बर्फ तरंगतो. फेर मोडला, मुली खिरापत ओळखायला घोळक्याने जवळ आल्या, की झालं पाणी. त्या आपापल्या वाटेने पांगल्या की वाफ. १०० अंशांना वाफ होताना पाणी सोळाशे पटींहून जास्त जागा व्यापतं. मुली त्याच.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो थबकलेला पारा. बर्फाचे खडे भांड्यात घ्या, मंद आच द्या, ढवळत राहा. शेवटचा खडा विरेपर्यंत तापमापी शून्यावरून हलत नाही. मग एवढी उष्णता जाते कुठे? ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात याचा छडा लावला. ती वितळवण्यातच खर्ची पडते, तापवायला उरतच नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं तितकंच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं! आणि उकळत्या पाण्याची वाफ व्हायला तर ५४०.

हा खर्च वाया जात नाही. वाफेचं पुन्हा पाणी होताना ती ही उष्णता पै न पै चुकती करते. मोदकपात्रातले उकडीचे मोदक दहा-पंधरा मिनिटांत शिजतात ते याच परतफेडीवर. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट भाजतो, तोही म्हणूनच. माठात उलटा व्यवहार चालतो. पाझरून बाहेर आलेलं पाणी उडून जाताना आपली उष्णता आतल्या पाण्याकडून वसूल करतं, आणि वैशाखात आपल्याला गार घोट मिळतो.

म्हणून भौतिक बदल म्हणजे किरकोळ, वरवरचा बदल, ही समजूत मला मुळीच पटत नाही. हे खरं, की पाण्याचे मूळ घटक वेगळे करायला त्याची वाफ करण्याच्या सातेक पट ऊर्जा मोजावी लागते. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये विजेने ते केलं तेव्हा हाती दोन वायू आले, एक जळणारा आणि दुसरा जाळायला मदत करणारा. त्यांत पाण्याचा एकही गुण उरलेला नव्हता. पण अरबी समुद्रावरची वाफ, सह्याद्रीला अडलेले ढग, आपला अख्खा पावसाळा उभा आहे तो वाफेच्या याच उष्णतेच्या देवघेवीवर.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. भौतिक बदलाची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी वर्गात बर्फाचं भांडं आणि एक तापमापी ठेवा, आणि तो पारा थांबलेला मुलांना तासभर पाहू द्या.