कोलामांच्या पोडावर लस पोचली तेव्हा

यवतमाळ जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो आणि कापसापाठोपाठ शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. पण सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची आणखीही एक ओळख आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे २७ लाख ७२ हजार लोकांपैकी पाच लाखांवर लोक आदिवासी आहेत. पुसद-उमरखेडकडे आंध अधिक, तर केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या बाजूला गोंड, परधान आणि कोलाम. त्यातही कोलाम सर्वांत मागे राहिलेले. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर सरकारदरबारी अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेली ही महाराष्ट्रातील तिसरी जमात. त्यांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात.

२०२१ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, आम्ही चार मंडळी या पोडांकडे गेलो. कोविडची लस देशात १६ जानेवारीलाच सुरू झाली होती. ऑक्टोबरात शंभर कोटी मात्रा पूर्ण झाल्याचा गाजावाजाही होऊन गेला होता. आता ‘हर घर दस्तक’ ही मोहीम निघाली होती, म्हणजे घरोघर जाऊन राहिलेल्यांना लस द्यायची. घरोघर म्हणजे नेमके कोणाच्या घरी, हे आम्हाला पाहायचे होते आणि जमले तर हातभार लावायचा होता.

यवतमाळहून पांढरकवडा सत्तरेक किलोमीटर. एरवी एसटीने गेलो असतो. पण त्या दिवसांत एसटीचा संप होता आणि आगारात गाड्या रांगेने उभ्या होत्या. आम्ही काळी-पिवळी धरली. पांढरकवड्याला नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता लागतो. तो सोडून झरी-जामणीच्या अंगाने आत वळले की साग आणि पळस सुरू होतात. मधूनमधून पांढरीशुभ्र फुटलेली कपाशी, तिच्या ओळींत वाकलेल्या बाया. वाटेत जीपवाला सहज म्हणाला, “एसटी बंद, आन् दवाखाना लांब. पोडावरचा माणूस येते काऊन तिकडे?” त्याचे हे एक वाक्य पुढे दोन दिवस आमच्या ध्यानात राहिले.

उपकेंद्रावर पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. नर्सबाई, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई अशा तिघी होत्या. शेजारी बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा. लस २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवावी लागते. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा जणांची मात्रा असते आणि बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. उरली तर फेकायची. त्या दिवशी बसलेली माणसे होती तीन. तिघांसाठी बाटली उघडावी की आणखी सात जणांची वाट पाहावी? शहरात हा प्रश्न कोणाला पडला नसेल. तेथे तर माणसे मोबाईलवर टपून बसत आणि स्लॉट मिळाला की खेड्यातल्या केंद्रावरसुद्धा मोटारीने जाऊन टोचून येत.

आशाताई म्हणाल्या, “दिवसा कोणी सापडत नाही. वेचणी चालू हाये. पोडावर सांजेले चला.” नर्सबाईंची वेळ चारला संपत होती, पण त्या तयार झाल्या. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण सरकारी माणसांच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते.

पोडाच्या मध्यभागी चावडी असते. सगळे निर्णय तेथे बसून होतात. पाचच्या सुमारास बाया शेतातून परतल्या. लोक जमले, पण अंतर राखून उभे राहिले. एक आजी नर्सबाईंना म्हणाली, “बाई, सुई टोचली आन् ताप आला त दोन दिवसाची वेचणी बुडते. मंग चुलीवर काय ठेवू?” वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ताप आला तर रजा नसते, उपास असतो. याला कोणी अंधश्रद्धा म्हणेल काय? आम्हाला तर तो साधा हिशेब वाटला.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. आश्रमशाळेत शिकलेला एक तरुण पुढे झाला आणि म्हणाला, “घाटंजीकडे लेकराइले पोलिओच्या जागी सॅनिटायझर पाजलं होतं. ह्या बाटलीत काय हाये, आमाले काय मालूम?”

तो खोटे बोलत नव्हता. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी गावात पोलिओच्या डोसाऐवजी बारा लहान मुलांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या सुरू झाल्या, त्यांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात नेले. मुले वाचली, संबंधितांवर कारवाई झाली. पण बातमी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात गेली होती आणि कोविडच्या लसीला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

आम्ही काही बोलणार, तोच नर्सबाईंनी डब्यातून बाटली काढून त्या तरुणापुढे धरली. “तूच वाच. सगळ्यांना ऐकू येईल असा वाच.” त्याने लसीचे नाव वाचले, बनवल्याची तारीख वाचली, मुदत संपण्याची तारीख वाचली. आशाताईंनी ते कोलामीत सांगितले. कोलामी ही गोंडी-तेलुगूच्या कुळातील भाषा, मराठीहून अगदी वेगळी. दोन वर्षे फोन लावला की हिंदीतून कोरोनाची सूचना ऐकू येत असे, भिंतीवरचे फलक मराठीत होते. पण पोडातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावणारी ही पहिलीच बाई असावी.

मग आशाताईंनी सर्वांआधी स्वतःच्या सासूला पुढे आणले. त्यांच्यानंतर पोडातील एक वयस्क नाईक उठले. त्यांनी बाही वर केली तर दंडावर देवी टोचल्याचा जुना वण होता. त्यांच्या लहानपणी देवीच्या रोगाने घरेच्या घरे बसत. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जगातून ती गेल्याचे जाहीर झाले. नाईक वणावर बोट ठेवून आपल्या बोलीत दोन शब्द बोलले. आशाताईंनी मराठीत सांगितले, “म्हणते, हे टोचलं म्हणून मी आज बसलो हाओ.”

त्या सांजेला दोन बाटल्या उघडल्या. मोबाईलची रेंज नव्हती म्हणून नावे वहीत लिहून घेतली. दोन घरांनी नको म्हटले. त्यांच्याशी कोणी हुज्जत घातली नाही.

अंधार पडल्यावर गाडी डबा घेऊन निघून गेली. आम्ही मुक्कामाला राहिलो. सकाळी उजाडायच्या आत आशाताई दारोदार फिरत होत्या. कोणाला ताप, कोणाचा हात दुखतो, विचारत होत्या, गोळ्या देत होत्या. आदल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या आजीला कणकण होती. तिला गोळी दिली, पाणी पाजले आणि दुपारनंतर वेचणीला जा म्हणून सांगितले. नको म्हणणाऱ्या दोन घरांतही त्या गेल्या, पण लसीचा विषय न काढता लेकरांची चौकशी करून आल्या. त्यातल्या एका घरची सून आम्ही निघताना विचारत होती, “गाडी परत कधी येते?”

त्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही असा हुकूम निघाला होता. हुकमाने आकडा वाढतोही. पण पुढच्या वेळी सुई दिसली की माणूस रानात पळतो. १९७६ च्या नसबंदीच्या सक्तीची भीती कुटुंबनियोजनाला पुढे किती वर्षे भोवली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रेडफर्न भागात तेथील मूळ रहिवाशांनी १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना काढला, कारण इतरांच्या दवाखान्यात त्यांना मान मिळत नव्हता. आज तशा अनेक संस्था त्या देशात आहेत आणि कोविडची लसही त्यांनी आपल्या माणसांना दिली. दवाखाना चालवणारा आपला असला की पेशंट दाराशी अडखळत नाही, एवढेच त्याचे मर्म. आमच्याकडे तसा दवाखाना नाही. पण पोडातली आशाताई आहे.

आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारचाच नियम आहे. तो पाळला जातो की नाही, हे विचारण्याचे काम आपले आहे. कोविडची आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले; पण गोवर, घटसर्प, धनुर्वात यांच्या लसी दर महिन्याला पोडावर जातातच. वाचक बंधुभगिनींपैकी जे नर्स, शिक्षक, ग्रामसेवक म्हणून अशा भागात नोकरीला आहेत, त्यांना आमची एवढीच विनंती : लस देण्याआधी बाटली लोकांच्या हाती द्या, प्रश्न विचारणाऱ्यावर रागावू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताप आला का ते विचारायला त्याच घरी पुन्हा जा.