सुधारित रकाना

अंदाजपत्रकाचं पुस्तक हातात आलं की मी पुढच्या वर्षाचा रकाना आधी बघतच नाही. त्यात काहीही लिहिता येतं. नजर जाते ती चालू वर्षाच्या मूळ अंदाजावर आणि त्याच्या शेजारच्या सुधारित अंदाजावर. एप्रिलमध्ये काय म्हणालो होतो आणि फेब्रुवारीत काय मान्य करतोय, ते तिथे कळतं. ठाणे महापालिकेचं अलीकडचं अंदाजपत्रक साडेपाच हजार कोटींच्या वर गेलं, कल्याण-डोंबिवलीचं तीन हजार कोटींच्या वर. बातमी या आकड्यांची होते. महापालिकेच्या लेखा विभागात नोकरी केलेला माणूस मात्र वर्षअखेर यातलं उतरलं किती, ते शोधत बसतो.

लोकांना वाटतं, आधी पैसा किती येणार ते ठरतं आणि मग खर्च. टेबलावर होतं उलटं. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, पाण्यासाठी स्टेम कंपनीचं आणि एमआयडीसीचं देणं, परिवहनचं अनुदान हे हलत नाही. त्यावर खात्यांच्या मागण्या, त्यावर वरून आलेली कामं. बेरीज जमेच्या पुढे जाते, आणि कायदा तर वर्षअखेर शिल्लक दाखवायला सांगतो. मग जमेची बाजू खर्चाच्या मापाने शिवायची. कापड ताणायला जागा दोनच: शहर विकास विभागाचं उत्पन्न आणि मालमत्ता कराची थकबाकी.

पहिली जागा निदान बाजारावर चालते. घोडबंदर रोडला टॉवर उठत असले तर विकास शुल्क आणि प्रीमियम येतो, बांधकाम थंडावलं की त्या वर्षीचा सुधारित रकाना निम्म्यावर येऊ शकतो. थकबाकीची गोष्ट निराळी. न भरलेल्या बिलावर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. मिळकत कोर्टात अडकलेली असो, एकाच घराची दोनदा नोंद झालेली असो की चाळ कधीच जमीनदोस्त झालेली असो, शास्ती थांबत नाही. कागदावर येणं वाढत जातं. अंदाजपत्रकाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, एवढी येणी आहेत तर निम्मी तरी धरा. ती धरली जातात. पुढे अभय योजना येते, शास्ती माफ होते, आणि दरवर्षी वेळेवर बिल भरणारा डोंबिवलीकर मनात जे म्हणतो ते इथे छापण्यासारखं नाही.

जकात होती तेव्हा नाक्यावर रोज पैसा यायचा. त्यात गळती भरपूर होती, पण तिजोरीची नाडी रोज कळायची. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीने तोही गेला. त्याची भरपाई २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून, दरसाल ८ टक्के वाढवून राज्य सरकार देतं. रक्कम ठरलेली, दर महिन्याला येणारी. लेखा विभागाला त्याचं सुख आहे, नाकारत नाही. पण शहराची सगळ्यात मोठी नियमित जमा आता मंत्रालयातून येते, आणि शहरातला व्यापार वाढला काय, बसला काय, आमच्या वहीला ते कळत नाही.

आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा शासनाचा दंडक आहे. तो ओलांडला की नवी भरती अडते. आकृतिबंधात पदं मंजूर असतात, माणसं निवृत्त होतात, खुर्च्या रिकाम्या राहतात. काम थांबत नाही, म्हणून ठेका निघतो. कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराचं वेतन मग आस्थापनेत दिसत नाही, घनकचऱ्याच्या ठेक्यात दिसतं. टक्केवारी कागदावर छान राहते. कुठल्याही महापालिकेचा आस्थापना खर्च बघायचा तर बाह्यस्रोत आणि ठेक्याची लेखाशीर्षं त्यात मिळवून बघा. आस्थापना भरतीवाचूनही वाढते: पूर्वी वगळलेली सत्तावीस गावं १ जून २०१५ ला कल्याण-डोंबिवलीत परत आली तेव्हा गावांच्या हद्दीबरोबर ग्रामपंचायतींचे कर्मचारीही आले. हद्द अधिसूचनेने एका दिवसात बदलते. माणसांची वेतनश्रेणी आणि ज्येष्ठता तशी बदलत नाही.

माझं एक मत आमच्यातल्या पुष्कळांना पटत नाही: त्रास देणारा नगरसेवक हाच लेखा विभागाचा खरा आधार. अंदाजपत्रकाच्या महासभेत एखादा जुना सदस्य पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या लावून यायचा आणि विचारायचा, या लेखाशीर्षात दहा कोटी धरले होते, सुधारितमध्ये दोन झाले, आठ गेले कुठे? उत्तर असायचं पुनर्विनियोजन, म्हणजे पैसे दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळवले. ते सभागृहात मोठ्याने सांगावं लागायचं, म्हणूनच पुढच्या वर्षी फाइलवर ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा लिहायला आम्हाला धीर यायचा. सभेत काय सांगू, असं साहेबांनाच विचारता यायचं.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून निवडणुका रखडल्याने सभागृहच नव्हतं. आयुक्त अंदाजपत्रक तयार करायचे आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचे. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. काहींनी आकडे आधीपेक्षा वास्तवाला धरून ठेवले. पण ‘आठ गेले कुठे’ हे विचारणारं कुणी समोर नव्हतं. त्या वर्षांत पुस्तकं संकेतस्थळावर आली, सुबक छापली गेली. आणि पारदर्शकता म्हणजे पीडीएफ, असा एक समज पक्का झाला.

मला त्या पीडीएफमध्ये एकच तक्ता हवा असतो: दायित्वाचा. कार्यादेश दिलेली पण बिलं न भागवलेली कामं, प्रभागवार, तारखेसकट. नव्या अंदाजपत्रकातली मोठी रक्कम ही जुनी देणी भागवण्यातच जाते, आणि नेमकी तीच यादी मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर सभागृहं पुन्हा भरली. नव्या सदस्यांनी आपल्या प्रभागाला निधी मागायच्या आधी आपल्याच प्रभागातलं मागच्या कार्यादेशांचं किती देणं शिल्लक आहे, ते लेखी मागावं. उत्तराला वेळ लागला तर पुढच्या सभेत पुन्हा विचारावं.