थांबल्यावर गरम

मे महिन्यात येलदरीहून परभणीला जायचं तर उन्हं चढायच्या आत, हा आमच्याकडचा नियम. पण अण्णांना डायलिसिसची वेळ दुपारची मिळाली होती. आठवड्यातून दोनदा. येताना ते मागच्या सीटवर डोळे मिटून पडायचे आणि मी सारखा एसीच्या जाळीपुढे हात धरून बघायचो. वारा यायचा, गारवा नाही.

मेकॅनिक म्हणाला, गॅस कमी आहे. भरला. फरक नाही. पुन्हा भरून आणायला निघालो तेव्हा अण्णा म्हणाले, "गॅस काय पेट्रोल आहे का लेका, संपायला? आतल्या आत फिरतो तो. कमी झाला तर कुठंतरी गळतोय. आधी ते बघितलं का त्यानं?"

अण्णांची नोकरी येलदरी धरणाच्या वीजगृहात गेली. साडेसात मेगावॅटचे 3 संच, आणि त्यांच्या आवाजावर कायम कान.

"चालत्या गाडीत गार लागतं," ते म्हणाले, "जिंतूरच्या चौकात थांबलो की गरम. तुला नाही कळलं?"

नव्हतं कळलं. मला वाटायचं, ते झोपलेत.

एसी गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. टाकायची जागा म्हणजे रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा ती उष्णता नेतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद असेल तर गॅस कितीही भरा, उपयोग नाही. उलट जास्त झाला तर गारवा आणखी कमी होतो.

अंगणात बॉनेट उघडून एसी चालू केला. पंखा ढिम्म. इंजिन बंद करून आत वाकलो, तर कंडेन्सरवर धूळ, किडे आणि कापसाचे तंतू. आमच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांमागून फिरल्यावर दुसरं काय होणार! पाण्याची बारीक धार सोडून धुतला. जोराच्या धारेनं त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. पंख्याचा रिले जळाला होता, तो बदलला. अण्णा खुर्चीवर बसून एकेक सांगत होते. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला.

पुढच्या खेपेला जिंतूरच्या चौकात ट्रॅक्टर आडवा आला. बराच वेळ थांबलो. जाळीपुढे हात धरला. गार.

"अण्णा, बघा," म्हणालो.

उत्तर नाही. मागून घोरण्याचा आवाज येत होता.