भाडेकरू न्यायदेवता

वॉशिंग्टन शहर पाहावे ते पायी. मोटारीतून हिंडणाऱ्याला तिथे नुसते पांढरे खांब आणि हिरवळ दिसते. पायी चालणाऱ्याला अमेरिकेची राज्यघटना जमिनीवर आखलेली सापडते. १७९१ साली लाँफाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने या शहराचा नकाशा काढला, तेव्हा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, त्याने टेकडीवर बसवले आणि अध्यक्षांचे घर चांगले सव्वा-दीड मैल दूर ठेवले. मध्ये पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूचा सरळ रस्ता. सासू-सुनेची वेगळी बिऱ्हाडे असावीत तसे! भांड्याला भांडे लागू नये, पण कोण आले-गेले ते दिसावे. पुढे मध्येच खजिन्याची इमारत उभी राहिली आणि तेही दिसेनासे झाले.

आपला पंतप्रधान संसदेत बसतो, तिथे प्रश्नांना उत्तरे देतो. अमेरिकेच्या अध्यक्षाला काँग्रेसचे सभासद होताच येत नाही. तिथे स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक, आणि आपण जबाबदारीला पसंती दिली आहे, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत केला होता.

मला मात्र तिसऱ्या बिऱ्हाडाचे कुतूहल होते. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय १७९० पासून भरत आले आहे. पण त्याला स्वतःचे घर मिळाले ते १९३५ साली. वॉशिंग्टनला आल्यावर सव्वाशेहून अधिक वर्षे, थोडा काळ सोडला तर, ते काँग्रेसच्याच इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, भाडेकरूसारखे राहिले. तळमजल्यावरची त्याची एक जुनी खोली जतन करून ठेवली आहे. ठेंगण्या कमानींच्या या खोलीतच १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात, आफ्रिकी वंशाच्या माणसाला या देशाचे नागरिक होता येत नाही, असा निकाल दिला गेला. चार वर्षांनी यादवी युद्ध पेटले. न्यायाधीशांच्या हातूनच न्यायाची अशी विटंबना झाली ती जागा पाहताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

हे बिऱ्हाड हलवले टॅफ्टसाहेबांनी. आधी अध्यक्ष आणि मग सरन्यायाधीश असे दोन्ही मान मिळालेला हा एकच गृहस्थ. त्यांनी काँग्रेसचे मन वळवून ९७ लाख ४० हजार डॉलर मंजूर करून घेतले. पण इमारत पुरी व्हायच्या आधीच, १९३० साली ते वारले. सामानसुमानासकट सारे काम होऊन ९४ हजार डॉलर खजिन्यात परत गेले. (आपल्या बांधकाम खात्याच्या मंडळींनी हे वाक्य वाचले नाही तरी चालेल.)

कॅपिटॉलच्या मागल्या अंगाला, रस्ता ओलांडला की ही सोळा संगमरवरी खांबांची इमारत. वरच्या मजल्यावर बास्केटबॉलचे मैदानसुद्धा आहे! नाही ती तिजोरी आणि पलटण. पैसा समोरच्या काँग्रेसकडे, सैन्य अध्यक्षांकडे. एवढेच काय, न्यायाधीश किती असावेत हेसुद्धा घटनेने सांगितलेले नाही. ते काँग्रेस ठरवते. नऊ हा आकडा १८६९ पासूनचा. आपले कायदे न्यायालय रद्द करते म्हणून चिडलेल्या रूझवेल्टनी १९३७ साली आणखी सहापर्यंत न्यायाधीश नेमण्याचा घाट घातला. सेनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे भरघोस बहुमत होते. पण त्याच सेनेटने तो बेत हाणून पाडला. भाडेकरूच्या मदतीला घरमालक धावला म्हणायचे!

खरी परीक्षा झाली ती १९५२ साली. कोरियात युद्ध चालू. पोलाद कामगार संपावर निघालेले. अध्यक्ष ट्रूमन यांनी ८ एप्रिलला कारखानेच सरकारच्या ताब्यात घेतले. प्रकरण या इमारतीत आले. नऊही न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रूमन यांनी नेमलेले. त्यांतले चार तर खुद्द ट्रूमनांचे. २ जूनला सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला: काँग्रेसने दिलेला नसताना असा अधिकार अध्यक्षाला नाही. ट्रूमनांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघे त्या सहांत होते.

निकाल अमलात आणायला न्यायालयाकडे एक शिपाईगडी नव्हता. ट्रूमन संतापले, पण कारखाने त्याच दिवशी मालकांना परत केले. त्याच दिवशी कामगार संपावर गेले. संप ५३ दिवस चालला. कोरियात तोफा धडाडतच होत्या आणि इकडे भट्ट्या थंड पडल्या होत्या.